हातचा

मंगळवार, गुरुवार, शनिवार,
सहा ते पावणेसात
घाटबांधे बाईंकडे शर्वरीचं गणित.
खामल्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत.
घरी जाऊन परत यायचं तर
पेट्रोल जातं आणि हाती काही लागत नाही.
म्हणून मी स्कूटरवरच बसायची,
मांडीवर पिशवी घेऊन सांभार निवडायची,
ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे टाकायची.

शर्वरी हातचा विसरते.
आठ आणि पाच तेरा, तीन खाली मांडते
आणि एक कुठे जातो
तिलाही कळत नाही.
एवढ्यासाठी महिन्याचे बाराशे.

बूट घेतले दिवाळीच्या सेलमध्ये,
निळे, अर्ध्या नंबराने मोठे.
जानेवारीपर्यंत डब्यातच होते.
मग एका गुरुवारी सांभार निवडून झाला,
मोबाइलची बॅटरी गेली
आणि अजून पस्तीस मिनिटं होती.
ओढणी डिक्कीत गेली, बूट बाहेर आले.

पहिल्या फेरीला पानठेलेवाल्यानं विचारलं,
"काही हरवलं का ताई?"
दुसऱ्या फेरीला अपार्टमेंटचे चौकीदार डोमाजी
खुर्चीतून अर्धे उठले,
"काहून धावून राहिल्या? कोणी मागं लागलं का?"
म्हटलं, हो.
पण थांबून यादी सांगायला दम नव्हता:
साडेसातची सासऱ्यांची गोळी,
व्हॅनवाल्याचे पैसे,
भिजवायचे राहिलेले हरभरे,
आणि पुण्यात असलेला नवरा, जो फोनवर विचारतो
"दिवसभर काय केलं?"

देऊळ, डीपी, कडुनिंब,
बंद पडलेली इस्त्रीची गाडी, तिच्याखालचा पिवळा कुत्रा,
परत देऊळ.
सुरुवातीला दोन फेऱ्यांत पोटात कळ.
होळीपर्यंत पाच.
कुत्रा भुंकायचा थांबला, मग तर
मान उचलायचाही थांबला.
डोमाजींनी आता बाटलीत पाणी भरून ठेवायला सुरुवात केली,
वर म्हणाले, "तुमच्यासाठी नाही, कुत्र्यासाठी आहे.
उरलं तर प्या."

नवतप्यात सहा वाजता
भिंती दुपारभर खाल्लेलं ऊन परत देत होत्या.
मी एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत धावायची,
प्रत्येक कूलरमागे ओल्या वाळ्याचा
हातभर वास,
तेवढाच.
लोक म्हणाले, वेड लागलं.
लागलंही असेल.
पण घरी गेल्यावर शर्वरीनं दूध सांडलं
तेव्हा मी नुसतं फडकं आणलं.
ती माझ्याकडे बघतच राहिली.

जूनमधल्या त्या शनिवारी गेटला कुलूप.
बाई भाचीच्या लग्नाला वर्ध्याला.
शर्वरी टाळ्या पिटत उड्या मारत होती
आणि मी,
खोटं कशाला बोलू,
डिक्कीवर हात ठेवून
रडायच्या बेतात.
गणितासाठी नव्हे.

तिनं एकदा डिक्कीकडे पाहिलं, एकदा मला.
"धाव ना तू. मी मोजते."
डोमाजींच्या खुर्चीत बसली, पाय लटकवून,
वहीचं मागचं पान उघडून.
दर फेरीला एक रेघ,
आणि डोमाजींचं तोंड भरून "चालू द्या!"

परत येऊन वाकले, गुडघ्यांवर हात,
घाम थेट वहीवर.
आठ रेघा.
"शर्वरी, मी सातच मारल्या गं."
"माहीत आहे."
पेन्सिलचं टोक दातात धरून म्हणाली,
"एक हातचा."

तसेच बूट घालून घरी गेले.
सासऱ्यांनी गोळी घेताना पायांकडे पाहिलं,
काही बोलले नाहीत.
आठ वाजले होते.

मंगळवारी बाईंनी वही तपासली.
मागच्या पानावर रेघांभोवती
लाल गोल,
बाजूला प्रश्नचिन्ह:
हे कोणतं उदाहरण?
पालकांनी सही करावी.

मी सही केली.